पाठीवरची होडी

"दोन माणसं बसतील, मोटारसायकलच्या मागे बांधता येईल आणि गळ टाकताना दगा देणार नाही, अशी एखादी फुगवायची होडी सांगा हो." पावसाळा सरून नदी निवळली की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा कंपनीचं नाव हवं असतं. नाव सांगायला काय जातंय? पण भीमेच्या फुगवट्यावर चिलापी धरणाऱ्याला जी होडी चालेल, ती सह्याद्रीच्या पायथ्याशी दगडगोट्यांतून धावणाऱ्या नदीत दोन तासांत फाटेल. आणि तिथे टिकणारी घेतली, तर ती गाडीपासून पाण्यापर्यंत न्यायला दोन हमाल लागतील. म्हणून नावं बाजूला ठेवू आणि ही चीज मुळात आहे काय ते आधी पाहू.

१. पखाल, पण हवेची

पूर्वी नदीकाठच्या गावांत पोरं पोहायला शिकायची ती वाळलेल्या भोपळ्यांवर. दोन भोपळे दोरीने जोडायचे आणि मधल्या दोरीवर छाती टेकून पाय मारायचे. या जोडीला सांगड म्हणत. 'सांगड घालणे' हे आपण ऊठसूट लिहितो, पण खरी सांगड पाहिलेला माणूस आता शोधावा लागेल. भोपळ्याचं काम एवढंच की पातळ कवचात हवा कोंडून धरायची. फुगवायची होडीही तेवढंच करते.

ही युक्ती फार जुनी आहे. असिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या निमरूदच्या राजवाड्यातले शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातले. त्यांत माणसं फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी पार करताना दिसतात. आपल्याकडे बियास आणि सतलज या नद्यांवर डोंगरी लोक म्हशी-बैलांची अख्खी कातडी फुगवून त्यांवर आडवे पडून पैलतीर गाठत. थोडक्यात, पाण्याऐवजी हवा भरलेली पखाल.

कातड्याची जागा रबरी कापडाने घेतली ती एकोणिसाव्या शतकात. ब्रिटिश नौदलातला पीटर हॅलकेट नावाचा एक अधिकारी १८४०च्या दशकात अशी होडी घेऊन आला, की हवा काढली की तीच अंगावर घ्यायचा झगा व्हायची. वल्ह्याची काठी व्हायची आणि शिडाची छत्री. नौदलाने त्यात रस दाखवला नाही. मग मासे धरणाऱ्या हौशी लोकांना ती विकायचाही प्रयत्न झाला, तोही फसला. पण उत्तर ध्रुवाकडे जाणाऱ्या जॉन रे या प्रवाशाने हॅलकेटची होडी वापरली आणि तिची तारीफ केली. तिचा एक नमुना स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात अजून आहे. आज पाठपिशवीत मावणाऱ्या ज्या होड्यांना पॅकराफ्ट म्हणतात, त्यांची ही आजी.

हे सगळं सांगायचं कारण एकच. होडीतली हवा फुकट असते. पैसे मोजायचे ते तिच्याभोवतीच्या कातड्याचे.

२. किती माणसं बसतील?

उजनीच्या फुगवट्यावर सकाळी गेलात तर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावणारे मच्छीमार दिसतील. ट्यूबच्या मधल्या भोकावर दोरी विणलेली, त्यावर पोतं, पोत्यावर माणूस. हाताला फळीचे दोन तुकडे, तेच वल्हं. मांडीवर जाळं, आणि परत येताना त्यात मासळी. एवढं वजन ती ट्यूब कशी पेलते?

हिशोब सोपा आहे. पाण्यात बुडलेली वस्तू जेवढ्या जागेतलं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी वर ढकलली जाते. हा आर्किमिडीजचा नियम. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून एक लिटर हवा सुमारे एक किलो वजन तोलते. मोठ्या ट्रकची ट्यूब फुगल्यावर साधारण एक मीटर व्यासाची होते आणि तिची जाडी २८ सेंटिमीटरच्या आसपास असते. ती मनातल्या मनात कापून सरळ करा. २८ सेंटिमीटर जाडीचा सव्वादोन मीटर लांब नळा मिळेल. त्यात हवा बसते सुमारे १४० लिटर, म्हणजे ट्यूब पूर्ण बुडेपर्यंत १४० किलो तोलणार. साठ किलोचा माणूस, दहा-पंधरा किलोचं ओलं जाळं आणि वीस किलो मासळी धरली, तरी ट्यूबचा बराच भाग पाण्यावर राहतो.

आता दुकानातली होडी घ्या. दोन मीटर लांब, मीटरभर रुंद. कडेचा नळा ३० सेंटिमीटर जाड आणि सगळा मिळून पाच मीटर लांब. त्याचं आकारमान ३५० लिटर. दोन माणसांचे १४० किलो, सामान २० किलो, एकूण १६०. मग खोक्यावर 'तीन माणसं' छापलंय, त्यात खोटं काय?

खोटं काही नाही, पण ते गणित तळ्यात निपचित पडलेल्या होडीचं आहे. गळाला मोठा मासा लागला की दोघंही एकाच कडेला वाकतात. तिथे अख्ख्या ३५० लिटरांचा उपयोग नसतो, त्या बाजूच्या नळ्यालाच सगळं पेलावं लागतं. दुसरं म्हणजे कप्पे. नळ्याचे दोन वेगळे कप्पे असतील आणि एक फुटला तर उरले १७५ लिटर. १६० किलोसाठी ते कसेबसे पुरतील, तेही कडा पाण्याला लागलेली असताना. एकच कप्पा असेल तर बोलायलाच नको. म्हणून माझा ठोकताळा असा, की खोक्यावर जेवढं वजन छापलंय त्याच्या निम्म्यावर थांबायचं आणि दोनांपेक्षा कमी कप्प्यांची होडी हातात घेऊन पाहायचीसुद्धा नाही. पॅकराफ्टमध्ये बहुधा एकच मोठा कप्पा असतो. वजनासाठी केलेली ती तडजोड आहे, आणि ती कळून-सवरून स्वीकारणाऱ्यानेच तिच्या वाटेला जावं.

जाता जाता एक गंमत. ३५० लिटर हवेचं स्वतःचं वजन चारशे ग्रॅमच्या वर भरतं. पण फुगवलेली होडी डोक्यावर घेऊन चालताना ते ओझं जवळजवळ जाणवत नाही, कारण भोवतालची हवाच ते तोलून धरते.

३. कातड्याचा हिशोब

त्याच होडीचं कातडं मोजू. नळ्याचा पृष्ठभाग ४.७ चौरस मीटर, तळ दीड चौरस मीटर. सगळं मिळून सहा-सव्वासहा. कापड एका चौरस मीटरला ७५० ग्रॅम भरणारं असेल तर नुसतं कातडं साडेचार-पावणेपाच किलोचं. अडीचशे ग्रॅमचं असेल तर दीड किलोचं. होडीच्या वजनातला मुख्य फरक इथे पडतो. फळ्या, वल्ह्यांच्या कड्या, मागची इंजिन लावायची लाकडी पाठ हे सगळं त्यावर चढतं. इंजिन लावणार नसाल तर ती पाठ असलेली होडी घेऊ नका, उगाच ओझं.

बाजारात ढोबळमानाने चार प्रकारची कातडी मिळतात. पहिलं, नुसतं प्लास्टिक. पोहण्याच्या तलावात पोरं घेऊन बसतात त्या होड्यांचं. आत कापड नसतं. स्वस्त, हलकं, आणि भाजीच्या पिशवीसारखंच: एकदा चीर पडली की ती धावत जाते.

दुसरं, पीव्हीसी चढवलेलं पॉलिएस्टर कापड. आतल्या विणीमुळे भोक पडलं तरी ते भोकच राहतं, चीर होत नाही. भाजीची पिशवी आणि ट्रकवरची ताडपत्री यांत जो फरक, तोच इथे. नदीवर मासे धरणाऱ्या बहुतेकांसाठी हेच योग्य.

तिसरं हायपॅलॉन, एका कृत्रिम रबराचं कापड. उन्हाला आणि पेट्रोलला दाद देत नाही, वर्षानुवर्षं टिकतं, पण जड आणि महाग. ड्यूपाँ कंपनीने या नावाचं रबर बनवणं २०१० मध्ये थांबवलं, पण दुसऱ्यांनी बनवलेलं तसंच रबर मिळतं आणि लोक जुन्याच नावाने ओळखतात. रोज होडी उन्हात उभी ठेवणाऱ्यांसाठी ते ठीक, महिन्यातून दोनदा गळ टाकणाऱ्यासाठी नाही.

चौथं, नायलॉनवर टीपीयू नावाच्या लवचीक प्लास्टिकचा पातळ थर. पॅकराफ्ट याच कापडाच्या. अख्खी होडी दोन ते चार किलोंत बसते, घाट उतरून नदी गाठायची असेल तर याला तोड नाही. पण बाहेरून आणलेली चांगली पॅकराफ्ट दुचाकीच्या किमतीला जाते आणि ती मुळात एका माणसाची.

वजन आणि किंमत पाहून झाली की कातड्याला टोचणार काय ते पाहा. आपल्याकडे पहिला शत्रू दगड नव्हे, वेडी बाभूळ. धरणांच्या फुगवट्यांच्या काठी तिचं रान माजलेलं असतं. पाणी उतरलं की चिखलात तिच्या वाळक्या फांद्या पडून राहतात आणि काटा चपलेच्या तळातून आरपार येतो, तिथे ताडपत्रीची काय कथा. म्हणून होडी पाण्याच्या कडेला फुगवायची नाही. मोकळ्या जागी जुनी सतरंजी अंथरून तिच्यावर फुगवायची आणि दोघांनी उचलून पाण्यात ठेवायची. ओढायची तर कधीच नाही.

दुसरा शत्रू आतूनच येतो. शिंगटा गळाला लागला तर त्याला थेट होडीत घेऊ नका. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना उभे राहणारे काटे बोटात घुसतात तसे पातळ प्लास्टिकमध्येही घुसतात. तिनतोंडी गळही तसाच. प्लास्टिकची बादली किंवा जाड ओलं पोतं सोबत असलंच पाहिजे. मासा आधी त्यात.

४. उन्हात ठेवलेली होडी

एका मार्चमध्ये आम्ही होडी चांगली टणक फुगवून काठावरच्या खडकावर ठेवली आणि भाकरी खायला झाडाखाली बसलो. अर्ध्या तासाने फटाक्यासारखा आवाज झाला. जाऊन पाहतो तर शिवण वीतभर उसवलेली. कोणी दगड मारला, अशी माझ्या मित्राची खात्री. मारलं होतं ते उन्हाने.

बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. किती, ते काढायचं असेल तर तापमान शून्य अंशापासून न मोजता उणे २७३ पासून मोजावं लागतं. हवेची खरी पट्टी तिथून सुरू होते. सकाळचे २७ अंश म्हणजे त्या पट्टीवर ३००. उन्हात गडद रंगाचं कातडं तापून आतली हवा ५२ अंशांवर गेली की ३२५. दाबही त्याच प्रमाणात वाढतो, पण सगळा दाब: होडीतला अधिक बाहेरच्या वातावरणाचा. वातावरणाचा दाब १४.७ पौंड, होडीत भरलेला ३ पौंड, एकूण १७.७. त्याला ३२५ ने गुणून ३०० ने भागा. १९.२ येतात. वातावरणाचे १४.७ वजा केले की होडीत उरतात साडेचार पौंड. कोणी पंपाला हात लावला नाही आणि दाब दीडपट झाला!

साडेचार पौंड म्हणजे काय मोठंसं, मोटारीच्या चाकात तीस असतात, असं वाटेल. इथे एक साधा नियम लक्षात ठेवावा: कातड्यावरचा ताण दाब गुणिले नळ्याच्या निम्म्या जाडीएवढा असतो. सायकलची ट्यूब चार सेंटिमीटर जाड, दाब ४५ पौंड. २ गुणिले ४५ म्हणजे ९०. होडीचा नळा तीस सेंटिमीटर, दाब तीन पौंड. १५ गुणिले ३ म्हणजे ४५. सहा पौंडांनाच होडीचं कापड सायकलच्या चाकाएवढं ताणलेलं असतं, आणि होडीला बाहेरून टायर नसतो. पंक्चरच्या दुकानात जाऊन कॉम्प्रेसरने होडी फुगवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्या नळीतून हे सहा पौंड व्हायला डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढाच वेळ पुरतो. पायाचा किंवा हाताचा पंप वापरा. त्यातही रुंद नळीचा, जो हवा भरपूर आणि दाब कमी देतो. पॅकराफ्टबरोबर तर हलक्या कापडाची मोठी पिशवी येते. तिचं तोंड उघडून हवा कोंडायची आणि पिळून आत ढकलायची. भात्यासारखंच.

उलटही घडतं. काठावर ऊन खात फुगवलेली होडी गार पाण्यात उतरवली की दहा मिनिटांत मऊ पडते. गळती नाही, हवा गार झाली. थोडी भरून घ्या. आणि काठावर परत आल्यावर सावली नसेल तर तेवढी सोडून द्या.

५. गादीचे टाके

तळ मऊ असेल तर होडीत उभं राहता येत नाही आणि बसल्यावरही बूड खोल जातं. त्यावर जुना उपाय म्हणजे लाकडी पट्ट्या. मजबूत, पण पाच-दहा किलोंनी ओझं वाढवणाऱ्या. नवा उपाय हवेचाच, सपाट आणि टणक तळाचा.

पण फुगवलेली वस्तू गोल व्हायला पाहते. मग तळ सपाट कसा राहतो? पिंजारी गादी भरतो तेव्हा शेवटी दाभणाने आरपार टाके घालतो. त्यामुळे कापूस गोळा होत नाही आणि गादी फुगत नाही. या तळातही वरच्या आणि खालच्या कापडाला जोडणारे हजारो दोरे असतात, एकाच लांबीचे. हवा भरली की दोन्ही कापडं एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर ताणून उभी राहतात. दहा पौंड हवा भरली की त्यावर उभं राहून गळ फेकता येतो. नळ्याचे तीन आणि तळाचे दहा, हा घोळ मात्र करू नका. झडपेजवळ आकडा छापलेला असतो, तो वाचा.

६. तुमची नदी कुठली?

साचलेल्या पाण्यावर, म्हणजे फुगवट्यावर, खरा त्रास वाऱ्याचा. हलकी होडी पाण्यात रुतत नाही, वरच बसते. दुपारी वारा सुटला की ती पतंगासारखी निघते आणि दोन वल्ह्यांनी आवरत नाही. वाऱ्याच्या दिशेने जाणं सोपं, परत येणं घाम काढतं. म्हणून निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे थकल्यावर वाराच घरी आणतो. दगड भरलेली जाळीची पिशवी नांगर म्हणून पुरते.

वाहत्या नदीत नांगराचा विचारही जपून. टाकायचाच तर दोर पुढच्या टोकाला. कडेला किंवा मागे बांधलात तर प्रवाह तीच बाजू खाली दाबतो आणि होडी पाण्याने भरते. दोर कापता येईल असा सुरा हाताशी हवाच.

आपल्या नद्यांवर कोल्हापुरी बंधारे जागोजाग आहेत. पावसाळ्यानंतर बर्गे घातले की मागे संथ, सुंदर पाणी साठतं आणि गळवाल्यांना मोह होतो. बंधाऱ्याच्या मागे लांब राहा आणि खालच्या अंगाला होडी नेऊच नका. वरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. होडी हलकी म्हणून सुटेल असं वाटतं, पण नेमकी हलकी वस्तूच तिथे अडकून राहते. धरणाच्या खाली मासे धरत असाल तर विसर्गाचा भोंगा वाजला की गळ तिथेच सोडून काठ गाठायचा. सांगलीच्या आसपास कृष्णेत मगरी आहेत, चिपळूणच्या वाशिष्ठीतही. तिथे ही होडी पाण्यात घालू नये, माझं हे मत तडजोडीचं नाही.

धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. आधी त्यांना विचारा. जीवरक्षक जाकीट अंगात हवं, होडीत गुंडाळून ठेवलेलं नव्हे. पोहता येणाऱ्यालाही.

७. पंक्चर

नवी होडी आली की घरात फुगवा. संध्याकाळी तीन पौंड भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ती मऊ लागली तर लगेच दुकानदाराला फोन करू नका. खोली ३२ अंशांवरून २२ वर आली असेल तर गळती नसतानाही दाब तीनवरून अडीचच्या खाली जातो. दुपारी पुन्हा तपासा. तरीही कमी वाटला तर साबणाचं पाणी फासा. पंक्चरवाला घमेल्यात बुडबुडे पाहतो, तोच प्रकार. झडप आणि शिवणी आधी.

पॅच मारताना एक चूक सगळे करतात. मीही केली. सायकलचं सोल्युशन लावलं. ते रबराचं औषध, पीव्हीसीवर दिवसभर तग धरतं आणि पाण्यात गेल्यावर सुटतं. पीव्हीसीला दोन भाग मिसळायचं वेगळं गोंद लागतं, टीपीयूला त्याचं वेगळं. होडीबरोबर आलेली गोंदाची डबी म्हणूनच फेकू नका. आधी काचकागदाने खरवडायचं, पुसायचं, दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, दुसरा थर द्यायचा, मग पॅच दाबून चोवीस तास विसरायचं. होडी घरी ठेवताना वाळवून, शंखजिऱ्याची भुकटी लावून, सैल गुंडाळून उंचावर ठेवा. उंदराला पीव्हीसी का आवडतं ते त्यालाच ठाऊक.

माझा तो सुटलेला पॅच उजनीच्या काठी एका ट्यूबवाल्या मामांनी पाहिला. त्यांच्या ट्यूबवर मी मोजले तेव्हा अकरा पॅच होते, सगळे सायकलच्या सोल्युशनचे, सगळे घट्ट.

"केवढ्याला घेतली?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. मामा होडीभोवती एक फेरी मारून आले आणि बोटाने कड दाबून पाहिली.

"रबर न्हाई हे," ते म्हणाले. "आमचं रबर हाय, म्हणून चिकटतंय. तुमच्यात मासं किती बसत्यात?"

"पंधरा-वीस किलो."

"मग रबराचीच घ्यायची की," म्हणाले, आणि पोतं सारखं करून ट्यूबवर बसले.